एका इथरनेट अडॅप्टरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर बदलताना : माझा अनुभव

२०२२ च्या पावसाळ्यात घरातले वायफाय सारखे तुटू लागले, म्हणून मी लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावायचा एक इथरनेट अडॅप्टर विकत घेतला. लॅपटॉपवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली होती, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० मालिकेचा. केबल जोडताच इंटरनेट सुरू झाले, त्यामुळे काही चुकते आहे अशी शंकाही आली नाही. पुढे रात्रीचा बॅकअप चालू असताना डाउनलोड अगदीच मंदावते हे लक्षात आले. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने मोजले तेव्हा एकेका दिशेचा वेग ठीक होता, पण दोन्ही दिशांनी एकदम डेटा सोडला की तो कोसळत असे.

नेटवर्क उपकरणाची माहिती देणाऱ्या ईथटूलने ड्रायव्हरचे (उपकरण चालवणाऱ्या कोडचे) नाव ‘सीडीसी-ईथर’ असे दाखवले, आणि तेथून उलगडा होऊ लागला. अडॅप्टरच्या आत रिअलटेकची आरटीएल८१५३ चिप होती व तिच्यासाठी कर्नलमध्ये आर८१५२ हा स्वतंत्र ड्रायव्हर आहे. परंतु ड्रायव्हर निवडताना कर्नल चिप उघडून पाहत नाही, तो उपकरणाने सांगितलेले विक्रेता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक पाहतो. विकणाऱ्या कंपनीने चिपवर स्वतःचे क्रमांक घातले होते आणि ही जोडी आर८१५२ च्या ओळखीच्या उपकरणांच्या तक्त्यात नव्हती. या चिपमध्ये एकाहून अधिक कॉन्फिगरेशन, म्हणजे काम करण्याच्या ठरीव पद्धती, असतात. पहिले रिअलटेकचे खास, दुसरे सीडीसी या सामायिक मानकाचे. कर्नल मुळात दुसरे धरतो, आणि खास ड्रायव्हर पुढे आला नाही की उपकरण सीडीसी-ईथर या सर्वसाधारण ड्रायव्हरच्या हाती जाते.

कोडला हात लावण्यापूर्वी खात्री करून घेण्याची सोय कर्नलमध्येच आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते असे मला वाटते. सिसएफएसमधील (येथे कर्नलची उपकरणे आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दिसतात) आर८१५२ च्या ‘न्यू-आयडी’ फाइलीत मी माझ्या अडॅप्टरचे दोन्ही क्रमांक लिहिले, त्यानंतर उपकरणाच्या कॉन्फिगरेशनच्या फाइलीत १ हा पहिल्या कॉन्फिगरेशनचा आकडा लिहिला. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, लगेच आर८१५२ चे नाव उमटले. हा ड्रायव्हर जोडला गेल्यावर चिपच्या रजिस्टरमधून तिची आवृत्ती स्वतः वाचतो आणि ती अनोळखी असेल तर पुढे जात नाही, म्हणून हा प्रयोग करताना मला भीती वाटली नाही. आयपर्फ पुन्हा चालवले, तेव्हा दोन्ही दिशांचा वेग टिकून राहिला.

हा बदल मूळ कर्नलमध्ये जावा म्हणून पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) पाठवायचा होता. त्यात लिहायचे ते एवढेच : हेडर फाइलीत विक्रेत्याचा क्रमांक आणि तक्त्यात एक ओळ. त्यासोबतच्या संदेशाला मात्र तीन संध्याकाळी लागल्या, कारण कोणते उपकरण, आत कोणती चिप, आज काय बिघडते आणि बदलानंतर काय पाहिले, हे सारे चार-पाच वाक्यांत बसवायचे होते. पॅच कोणाकडे पाठवायचा हे कर्नलमधल्याच एका स्क्रिप्टने सांगितले. पहिला पॅच मी ब्राउझरमधल्या मेलपेटीतून पाठवला. तिने प्रत्येक टॅबच्या जागी स्पेस घातल्या आणि ‘पॅच लागत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट मी माझ्या फाइलीवर चालवली होती, पाठवलेल्या मेलवर नव्हे! कर्नलच्या नेटवर्क विभागात सुधारित पॅच पाठवण्यापूर्वी किमान २४ तास थांबण्याचा नियम आहे. तो पाळून दुसऱ्या दिवशी गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाच्या सेंड-ईमेलने तोच पॅच पुन्हा पाठवला.

त्यावर आलेला प्रश्न मला अनपेक्षित होता : सीडीसी-ईथरने ज्या उपकरणांना हात लावायचा नाही त्या वगळण्याच्या यादीत ही क्रमांकांची जोडी का घातली नाही? तेव्हाच्या व्यवस्थेत दोन्ही ड्रायव्हर त्या उपकरणावर हक्क सांगू शकत, आणि जो आधी लोड होईल त्याच्याकडे ते जाई. माझ्या लॅपटॉपवर योगायोगाने आर८१५२ आधी लोड होत होता, म्हणून ही उणीव दिसलीच नव्हती. मी तिसऱ्या आवृत्तीत ती नोंद घातली, आणि लॅपटॉप वारंवार सुरू करून प्रत्येक वेळी ईथटूलचे उत्तर पाहिले.

तिसरी आवृत्ती स्वीकारली गेली. नवा ओळखक्रमांक घालणारे बदल कर्नलच्या जुन्या स्थिर मालिकांनाही नियमाने चालतात, त्यामुळे तो ५.१० मध्येही गेला आणि काही आठवड्यांनी डेबियनच्या नेहमीच्या अपडेटमधून माझ्याकडे परत आला. पुढे २०२३ मध्ये आर८१५२ स्वतःच योग्य कॉन्फिगरेशन निवडू लागला, तेव्हा सीडीसी-ईथरमधली या उपकरणांची यादी काढून टाकण्यात आली. जिच्यासाठी मला तिसरी आवृत्ती पाठवावी लागली, ती ओळ त्या यादीबरोबरच गेली.