शंकेची पाल

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गाईगुरांच्या आणि कुत्र्यांच्या विष्ठेचे असंख्य नमुने मी तपासले होते. पालीची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचा प्रसंग मात्र इंग्लंडमधील एका पशुरोगनिदान प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावरच आला. आपल्याकडे झाडूने हुसकावली जाणारी पाल येथे काचेच्या पेटीत, खाली ऊब देणारी चटई अंथरून पाळतात, हे घरी सांगितले तेव्हा आईचा विश्वास बसेना. अर्थात येथे पाळतात ती लेपर्ड गेको ही भिंतीवर चढणारी पाल नव्हे. तिला पापण्या असतात, बोटांना चिकटण्याच्या गाद्या नसतात आणि चरबी साठवल्यामुळे तिची शेपटी गाजरासारखी जाड असते.

त्या दिवशी एकाच घरातील दोन गेकोंचे नमुने आले. पहिलीचे वजन महिनाभर घटत होते आणि शेपटी पेन्सिलीएवढी बारीक झाली होती. दुसरी धडधाकट होती, पण शेजारच्याच पेटीत राहत असल्यामुळे खबरदारी म्हणून तिचाही नमुना पाठवला होता. विष्ठेतील पांढरा युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राचा, भाग वगळून उरलेली विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवली आणि पंधरा मिनिटांनी वर तरंगलेला थर पाहिला, तर दोन्हींत पिनवर्मची, एका बाजूने चपटी, अंडी होती. पाळीव गेकोंमध्ये हे जंत सर्रास आढळतात आणि थोडे असतील तर सहसा त्रास देत नाहीत. फेनबेंडाझोल हे जंतांवरचे औषध सुचवून अहवाल पाठवता आला असता, परंतु एवढ्याशा अंड्यांनी शेपटी इतकी वाळेल हे पटेना आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

म्हणून थुंकीतील क्षयाचे जंतू पाहण्यासाठी वापरतात त्याच झील-नील्सन पद्धतीच्या सुधारित प्रकाराने स्लाइड रंगवल्या. तेलाच्या भिंगाखाली हिरव्या पार्श्वभूमीवर लालसर गोल ठिपके दिसले, सुमारे पाच मायक्रॉनचे. यीस्टच्या पेशी आकाराने फसवतात, पण त्या हा लाल रंग धरून ठेवत नाहीत. हे क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचेच ठिपके होते, आणि दोन्ही स्लाइडवर होते. गेकोच्या आतड्यात ठाण मांडणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम व्हॅरानाय या जातीवर खात्रीचा इलाज नाही, नेहमीचे ब्लीचही तिला पुरेसे पडत नाही, त्यामुळे बाधित प्राण्याला वेदनारहित मरण देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मी दोन्ही अहवालांत एकच वाक्य टंकून ठेवले होते.

ते पाठवण्यापूर्वी संबंधित पशुवैद्याला फोन करून आहार विचारला. पहिली फक्त मीलवर्म नावाच्या अळ्या, त्याही कशाबशा, खात होती. दुसरीला आठवड्यातून दोनदा, नुकतेच डोळे उघडलेले उंदराचे पिल्लू मिळत होते. येथेच मी थबकले. उंदरांचे स्वतःचे क्रिप्टोस्पोरिडियम असते आणि गिळलेल्या उंदरासोबत आलेले त्याचे ठिपके पालीच्या पोटातून तसेच बाहेर पडू शकतात. त्यांपैकी टायझेराय ही जात आकाराने व्हॅरानायच्या इतकी जवळची आहे की भिंगावर विसंबून निवाडा करणे धाडसाचे ठरते. दोन्ही नमुने डीएनए तपासणीला पाठवले.

आठ दिवसांनी उत्तर आले. पहिलीत व्हॅरानाय होते, दुसरीत टायझेराय. पहिलीला नंतर मरण द्यावे लागले. हे ठिपके विष्ठेत रोजच पडतात असे नाही, म्हणून दुसरीला वेगळ्या खोलीत ठेवून, उंदीर बंद करून, महिन्याच्या अंतराने आणखी तीन नमुने मागवले. तिन्ही स्लाइडवर लाल ठिपका दिसला नाही. पिनवर्मची चार-दोन अंडी मात्र शेवटच्या नमुन्यातही होती. त्यांच्यावर मी औषध सुचवले नाही.