तुम्ही विचारलंत म्हणून: आजचा नेता कोणासारखा?

निवडणुका जवळ आल्या की लोकलमध्ये, लग्नात, कुठेही हा प्रश्न गाठतो: ‘तुम्ही इतिहासवाले ना? मग सांगा, हा आपला नेता कोण, बाजीप्रभू की सूर्याजी पिसाळ?’ विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, माझा नुसता शिक्का हवा असतो. तो देत नाही म्हणून मी कुंपणावरचा.

सतराव्या शतकात कशाला जायचं? यशवंतराव चव्हाण घ्या. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या निदर्शकांवर गोळीबार झाला तेव्हा ते मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात होते आणि मंत्रिपदावर राहिले. थोड्याच दिवसांत फलटणला त्यांनी जाहीर केलं की महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू. वही इथेच मिटली तर पिसाळ. बरं, दुसरा मार्गच नव्हता असंही नाही; मुंबईच्याच प्रश्नावर १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थखातं सोडलं.

आता पुढचं पान. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठी-गुजराती मुलखांचं एकत्र द्वैभाषिक राज्य आलं, यशवंतराव मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने, म्हणजे विरोधी पक्षांच्या आघाडीने, काँग्रेसची दाणादाण उडवली. तरी विधानसभेत ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसकडे राहिल्या, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने हात दिला. खुर्ची शाबूत, पण स्वतःच्याच मुलखात तोंड दाखवणं अवघड. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांसह प्रचंड निदर्शनं केली. लोकांच्या मनात काय आहे ते नेहरूंना दाखवलं विरोधकांनी. पण ते दिल्लीला पटवायला नेहरूंच्या विश्वासातला माणूस लागणार होता, आणि तो विश्वास फलटणला कमावलेला होता.

असं मी वर्षानुवर्षं मांडत आलो. अजूनही मांडतो, पण अडखळत. १ मे १९६० ठाऊक असल्यामुळेच तर फलटण ही चाल वाटते! मधेच यशवंतरावांचं पद गेलं असतं तर त्या वाक्याला चाल कोण म्हणालं असतं? त्यांच्या मनात काय होतं, ते आत्मचरित्रातही मिळत नाही. ते १९४६ पाशीच थांबतं.

म्हणून कोणी फारच आग्रह धरला तर मी कामाला लावतो. नेत्याचा एकच निर्णय घ्या, तारखेसकट. त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, त्याला पदावरून कोण उतरवू शकत होतं, त्याची मतं कुठून येत होती, असे तीन रकाने आखा. नंतर कळलेलं सगळं वेगळ्या कागदावर. एकाच आठवड्याची दोन वर्तमानपत्रं वाचा, एक बाजूचं, एक विरोधातलं. नुसता अत्र्यांचा ‘मराठा’ वाचलात तर यशवंतराव खलनायक. नुसते गौरवग्रंथ वाचलेत तर मंगलकलश आणणारे संत. (‘मराठा’ निघाला नोव्हेंबर १९५६ मध्ये, त्यामुळे फलटणच्या दिवसांसाठी तो उपयोगाचाच नाही. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.) आठवणींच्या पुस्तकात छपाईचं साल आधी बघा. राज्य मिळाल्यावर लिहिलेल्या आठवणींत जो तो पहिल्यापासून संयुक्त महाराष्ट्राचाच असतो.

‘एवढं कोण करणार? आजच्या माणसाचं सांगा,’ असं मग ऐकून घ्यावं लागतं. आजच्या माणसाचा तिसरा रकाना निकालाच्या आकड्यांवरून तासाभरात भरतो. दुसरा पक्षाची घटना आणि आमदारांची संख्या बघून निम्माशिम्मा. पहिल्यासाठी लागणाऱ्या फायली अजून मंत्रालयातल्या कपाटात आहेत.