रिकामी म्हणून आलेली बंदूक

आमचं बंदुका रिपेअरचं दुकान गोव्यात फोंड्याला, लायसन्सवालं, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक बहुतेक सत्तरी-सांग्याकडचे बागायतदार, रानडुकरांसाठी पीक संरक्षणाचं लायसन्स असलेले, त्यामुळे रोजचं काम म्हणजे एकनळी नाहीतर दुनळी. लिव्हरवाली रायफल, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची, वर्षातून एखादी आली तर आली.

पावसाळ्यात वाळपईकडचे एक आजोबा जुन्या लुंगीत गुंडाळून एक घेऊन आले. लांबून अमेरिकन विंचेस्टर 1892 वाटली पण नळीवर गंजातून 'एबार' आणि 'एस्पान्या' एवढं वाचता आलं, म्हणजे स्पेनच्या एबार गावात बनलेली, विंचेस्टरच्या त्या ब्राउनिंगने केलेल्या डिझाइनची नक्कल, 'एल टिग्रे' म्हणतात ती, .44-40 काडतुसाची. पोर्तुगीज काळात कुठून कशी आली देव जाणे. आजोबा म्हणाले, "अरे बाबा, रिकामीच आहे, 20 वर्षांत बार नाही काढला. फक्त लिव्हर जड झालाय तेवढा बघ."

तोंड रेतीच्या डब्याकडे केलं, लिव्हर उघडला, चेंबर, म्हणजे काडतूस उडतं ती नळीमागची जागा, रिकामं. दोनदा मागेपुढे केला, काही आलं नाही. बाजूच्या झाकणातून टॉर्च मारला तर आत सगळं काळं, घट्ट झालेलं तेल आणि गंज, मी समजलो फॉलोअरच दिसतोय, काडतुसं ढकलणारा स्प्रिंगच्या टोकाचा तुकडा. इथेच चुकलो. पितळ हिरवं-काळं पडलं की टॉर्चमध्ये पितळ वाटतच नाही.

तेल मारून अर्धा तास ठेवली, आजोबांना समोर चहा दिला. आता खरं तर मी आधी घोड्याची, म्हणजे मागच्या हातोडीची, टेस्ट करतो, अर्ध्यावर ओढून चाप दाबायचा, घोडा पडता कामा नये, कारण या बंदुकीला वेगळी सेफ्टी नाहीच, घोडा अर्ध्यावर अडवणारी तीच एक खाच. पण त्या दिवशी का कोण जाणे आधी बोल्ट बघावेत म्हटलं, मागच्या बाजूला दोन उभे बोल्ट असतात, लिव्हर बंद असताना ते वर येऊन ब्रीच, म्हणजे चेंबरमागचा ठोकळा, अडवतात, त्यांची झीज बघायची होती. म्हणून लिव्हर सावकाश शेवटपर्यंत खाली नेला आणि खट्‌ करून काडतूस उचलणारा कॅरियर वर आला, त्यावर हिरवं पडलेलं एक काडतूस. तेलाने मॅगझिनच्या, म्हणजे खालच्या काडतुसांच्या नळीतली, अडकलेली स्प्रिंग सुटली होती.

हात तसाच थांबला. सवयीने फटकन लिव्हर बंद केला असता तर ते सरळ चेंबरमध्ये.

चिमट्याने काढलं. मग पुढचा स्क्रू काढून मॅगझिनची नळीच सोडवली, आणखी दोन निघाली. सगळं पूर्ण रिकामं झाल्यावर घोड्याची टेस्ट केली, अर्ध्यावर ठेवून चाप दाबला तर घोडा टक्‌ करून पडलाच. खाच पार झिजलेली.

आजोबा काउंटरवरची ती तीन काडतुसं बघत राहिले, चहा तसाच. म्हणाले, "दर इलेक्शनला मी ही पोलीस स्टेशनात जमा करतो रे. खांद्यावर टाकून, बसने."

थोड्या वेळाने, हळूच: "आणि चतुर्थीला नातवंडं हिचा लिव्हर खटखट करत बसायची."

मी घोडा काढून ठेवला आणि दुसरा चहा सांगितला.