पांझरेवर मोजमाप

आज दिवसभर साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या पाण्यात होतो. एका जुन्या फड बंधाऱ्यावर, म्हणजे गावाच्या सामाईक भिजणाऱ्या शेतांना (फडाला) पाटाने पाणी देणाऱ्या बंधाऱ्यावर, छोटं जलविद्युत यंत्र बसेल का, ते बघायला. वीज म्हणजे दोनच गोष्टी, किती पाणी आणि किती उंचीवरून.

२० मीटरची दोरी काठाने ताणली आणि लिंबू सोडलं. पहिलं लव्हाळ्यात अडकलं. पुढच्या तिघांना सरासरी ४० सेकंद. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, पण तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं. पात्र ८ मीटर रुंद, सरासरी खोली ४० सेंटीमीटर, सेकंदाला साधारण १.३६ घनमीटर पाणी. पाणी पडण्याची उंची २ मीटर. पाणी, उंची आणि गुरुत्वाकर्षणाचे ९.८१ यांचा गुणाकार करून, निम्म्याहून थोडं जास्तच हाती येईल असं धरलं, तर १६ किलोवॅट. पाच हॉर्सपॉवरच्या तीन मोटारी आरामात चालतील!

खूप आनंद झाला. मग पाटावर बसलेल्या पाटकरी (पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या) आप्पांना आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे विचारलं, "होळीनंतर काय करशी, भाऊ?"

खरंच आहे. हे ऑक्टोबरचं पाणी. एका दिवसाच्या मापावर नदी ठरत नाही, बारा महिन्यांची नोंद हवी. आणि यातलं पाटाचं पाणी आधी फडाचं, पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेलं. ते वजा केल्याशिवाय माझा १६ चा आकडा मी कुणाला दाखवणार नाही.

आप्पांनी बंधाऱ्याच्या भिंतीवर खडूने आजची पातळी आखून दिली. दर रविवारी बघून फोन करणार आहेत.