तुम्ही विचारलंत म्हणून: औषध पहिल्याच दिवशी का निघून जातं?

इलेक्ट्रोस्पिनिंगचा (विजेच्या दाबाने पॉलिमरच्या द्रावणातून बारीक तंतू ओढून औषधाची जाळी बनवण्याचा) विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेकदा जरा हसतच येतो: 'पॉलिकॅप्रोलॅक्टोन हा तंतूंचा पॉलिमर झिजायला दोनेक वर्षं लागतात म्हणता, मग त्यातलं औषध एका दिवसात कसं संपतं?'

पॉलिमर झिजायची वाट औषध बघत नाही, हे किती वेळा सांगायचं! तंतूचा व्यास ५०० नॅनोमीटर असेल, तर अगदी मध्यावरच्या रेणूलाही बाहेर पडायला २५० नॅनोमीटरच कापायचे असतात. शिवाय मध्यावर थांबतं कोण? टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड हे प्रतिजैविक पाण्यात रमणारं. पॉलिकॅप्रोलॅक्टोनशी त्याचं जमत नाही. द्रावण सोडणाऱ्या सुईपासून तंतू गोळा करणाऱ्या कलेक्टरपर्यंतच्या १५ सेंटिमीटरांत द्रावक उडतो आणि औषध पृष्ठभागाकडे सरकतं. पाणी लागलं की ते सुटतं.

आणि ते थांबवायचंच कशाला? जखमेवर पहिल्या दिवशी प्रतिजैविक भरपूर मिळालेलं बरंच. हा बचाव मी पुष्कळदा केला आहे. ग्रोथ फॅक्टरच्या (पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनांच्या) बाबतीत तो टिकत नाही, हेही मान्य.

मग सल्ला येतो, 'जिलेटिन मिसळून क्रॉसलिंक करा (त्याचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडा), औषध अडकून राहील.' पूर्वी मीही हेच सांगत असे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि जिलेटिन ७०:३०, ट्रायफ्लुरोइथेनॉल या द्रावकात मिळून १० टक्के. द्रावण गढूळ राहिलं तर अॅसिटिक आम्लाचे दोन-चार थेंब, नाहीतर दोन्ही पॉलिमर सिरिंजमध्येच वेगळे होऊ लागतात. १२ ते १५ किलोव्होल्ट, तासाला १ मिलिलिटर. जाळी उत्तम निघते. पण क्रॉसलिंक केली नाही तर ३७ अंशांच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या, चाचणीच्या द्रावणात) जिलेटिन विरघळून जातं, म्हणून ती २५ टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या वाफेवर ठेवायची. उरलेलं ग्लुटारल्डिहाइड पेशींना मारतं, म्हणून मग ०.१ मोलर ग्लायसिनने धुवायची.

खरा घात या धुण्यात आहे.

समजा जाळीत १०० मायक्रोग्रॅम औषध होतं. ग्लायसिनच्या पाण्यात ७० गेलं, आणि ते पाणी ओतून दिलं. चाचणी सुरू झाली ती उरलेल्या ३० वर. पहिल्या दिवशी २० सुटलं, पुढच्या दोन आठवड्यांत १०. आलेख काढताना भागलं मात्र मूळच्या १०० ने. म्हणजे पहिल्या दिवशी २० टक्के, शेवटी ३० टक्के, आणि त्यापुढे छान सपाट रेघ. खाली वाक्य येतं: 'उरलेलं ७० टक्के औषध तंतूंत असून ते सावकाश सुटेल.' ते सुटणार नाही. ते मोरीत गेलं आहे.

जाळीचा रंगही खोटी साक्ष देतो. टेट्रासायक्लिन पिवळं, आणि ग्लुटारल्डिहाइडने क्रॉसलिंक झालेलं जिलेटिनही पिवळंच. 'बघा, अजून पिवळी आहे, म्हणजे औषध आत आहे' यात काही अर्थ नाही. म्हणून बिनऔषधाची जाळी अगदी तशीच क्रॉसलिंक करायची, तशीच धुवायची, आणि ३६० नॅनोमीटरला तिच्या पाण्याचं प्रकाशशोषण वजा करायचं. धुतलेलं पाणी मोजायचं, बफर मोजायचा, शेवटी जाळी डायक्लोरोमिथेनमध्ये सोडवून मेथॅनॉलने राहिलेलं औषध काढून तेही मोजायचं. तिन्हींची बेरीज १०० च्या जवळपास येत नसेल, तर आलेख दाखवू नये. टेट्रासायक्लिन उजेडात आणि ३७ अंशांतही बिघडतं, तेव्हा दोन आठवड्यांनंतर ही बेरीज कमी पडली तरी औषध आतच आहे असं म्हणता येत नाही.

'मग कोअॅक्सियल सुई (एकात एक दोन नळ्यांची) घ्या ना!' घेतो. आतला प्रवाह ०.२, बाहेरचा १ मिलिलिटर तासाला. आतला जास्त झाला तर कवच फाटतं, कमी झाला तर गाभा तुटक होतो. आत पाण्यातलं द्रावण आणि बाहेर क्लोरोफॉर्ममधलं असेल, तर टोकाशीच गाठ जमून सुई तुंबते. वर सूक्ष्मदर्शकात दिसलेला गाभा हा जाळीच्या एका तुकड्यातला असतो, सगळ्या जाळीतला नव्हे.

सध्या मी हॅलोसाइट या मातीतल्या खनिजाच्या सूक्ष्म नलिकांच्या बाजूने आहे. औषधाच्या संपृक्त द्रावणात त्या घालून निर्वात करायचं, हवा सोडायची, असं तीनदा. मग पॉलिमरच्या ५ टक्के, आधी द्रावकात अल्ट्रासाउंडने सुट्या करून, पॉलिमर त्यानंतर. उलट केलं तर गुठळ्या होतात आणि तंतूंवर मणी येतात. अडचण इथेही आहेच: नलिकेची आतली भिंत धनभारित, बाहेरची ऋणभारित, आणि आम्लधर्मी द्रावणात टेट्रासायक्लिन धनभारित. ते आत जाण्याऐवजी बाहेरूनच चिकटू शकतं. किती आत गेलं हे बघायला नलिका धुवाव्या लागतात, आणि धुतल्या की पुन्हा औषध जातं.