दिवे लावल्यावर उघडणारी डिकी

ती गाडी आठवड्यात दुसऱ्यांदा गॅरेजला आली, तेव्हा ताईंनी आधी मुलाचं दप्तर माझ्यासमोर ठेवलं. पट्टा तुटलेला, एक बाजू रस्त्यावर घासून पांढरी पडलेली. "दादा, कुलूप नवीन टाकलंत ना? काल रात्री परत उघडली डिकी."

तीही चालत्या गाडीत. सात सीटची गाडी. तिसऱ्या सीटवर त्यांची दोन मुलं, आणि मुलांच्या पाठीमागे डिकीचं दार सोडलं तर काहीच नाही. पट्टे लावले होते म्हणून दोघं जागेवर राहिली. दप्तर गेलं.

पहिल्या वेळी मी लॅच बदललं होतं. डिकीच्या लॅचमध्ये एक फिरता काटा असतो, तो बॉडीवरच्या लोखंडी कडीला धरतो. काट्याला दोन खाचा असतात. दार लावताना कान दिला तर "खट-खट" असे दोन आवाज ऐकू येतात. एकच आला, तर डिकी अर्धीच लागलेली असते आणि बाहेरून मात्र बंद दिसते. या गाडीचं लॅच धूळ आणि सुकलेल्या ग्रीसनं जड झालं होतं, दुसरी खाच कधी धरायची, कधी नाही. कारण सापडलं असं समजून मी नवीन लॅच बसवलं, वीसेक वेळा दार आपटून पाहिलं आणि गाडी दिली. दप्तर हातात घेतल्यावर मला त्या खात्रीची लाज वाटली.

नवीन लॅच ठणठणीत होतं. मग मी ताईंना विचारायला लागलो: खड्डा होता का, सामान दाराला टेकलं होतं का. डिकी उघडायच्या बाहेरच्या रबरी बटणावर माझा संशय होता, कारण ते रबर फाटून पाणी आत गेलं की बटण आपोआप दाबल्यासारखं होतं. पण या गाडीत वेग धरल्यावर कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, बटणाला दादच देत नाही. मग लॅचच्या काट्याला अडवून धरणारा खटका सोडणारी मोटर फिरली कशी?

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई लाइट लावते ना, तेव्हा माझ्या मागे कर्र वाजतं."

मी मोठ्यांनाच विचारत बसलो होतो. त्या कुलपाच्या सगळ्यांत जवळ डोकं होतं ते हिचं.

मी तिच्या जागी जाऊन बसलो. ताईंना पार्किंग लाइट लावायला सांगितलं आणि पोऱ्याला डिकी हलवायला लावली. तिसऱ्या हिसक्याला माझ्या मानेमागे "कर्र" झालं. मोटरच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, करंट आला की पेटणारा छोटा दिवा. दिवे बंद असताना काही नाही, दिवे लावून दार हलवलं की लॅम्प लुकलुकायचा.

छत आणि डिकी यांच्यामध्ये, बिजागरीपाशी एक रबरी नळी असते. डिकीतल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडलं-लावलं की दर वेळी त्याच जागी वाकतात. नळी मागे सरकवली, तर वाळल्या सालीसारखं वायरींचं आवरण तडकलेलं. दोन वायरींचं तांबं उघडं पडून एकमेकांना घासत होतं: एक नंबर प्लेटच्या दिव्याची, दुसरी लॅचच्या मोटरची. दिवे लावले की पहिलीत करंट यायचा, गाडी उसळली की तो दुसरीत उतरायचा आणि मोटर खटका सोडून द्यायची. कंट्रोल युनिटला मध्ये विचारायचा प्रश्नच नव्हता.

इथे नुसती टेप गुंडाळून चालत नाही. वाकणारा सगळा तुकडा काढून मऊ, बारीक तारांची वायर घातली आणि जोड नळीच्या बाहेर, न हलणाऱ्या भागात घेतले. सोल्डर केलेली जागा कडक होते. ती वाकत राहिली तर तिच्या शेजारीच वायर तुटते.

मागच्या दाराकडे दुर्लक्ष व्हायला जुना इतिहास आहे. क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या १९८४ ते १९९५ च्या मिनीव्हॅनचं मागचं दार अपघातात उघडतं, अशा तक्रारींवरून अमेरिकेत सरकारी तपास झाला. शेवटी १९९५ मध्ये कंपनीनं सुमारे ४० लाख गाड्यांचं लॅच बदलून द्यायचं कबूल केलं. तोपर्यंत तिथल्या दरवाजांच्या लॅचच्या सुरक्षा नियमात मागचं दार नव्हतंच, ते त्याच वर्षी घातलं गेलं. त्या दारापाशी मुलं बसतात हे कळायला इतका उशीर का व्हावा, याचा मला आजही राग येतो.

काल रात्री ताईंनी डिकी दोरीनं बांधून गाडी घरी नेली होती. ते ऐकून मी हातातलं काम ठेवलं. दार अर्धवट उघडं ठेवून गाडी चालवली, की मागचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सगळ्यांत मागे मुलंच असतात. नाइलाजच झाला तर काचा उघड्या आणि पंख्याची हवा बाहेरूनच घ्यायची, असं त्यांना दोनदा सांगितलं. डिकीच्या आतल्या अस्तरात एक छोटं झाकण होतं. त्यामागची पट्टी सरकवली की करंटशिवायही खटका सुटतो, ते त्यांच्या हातानं करून घेतलं.

गाडी मी दोन रात्री ठेवून घेतली. टेस्ट लॅम्प तसाच लावून, दिवे चालू ठेवून खराब रस्त्यानं फिरवली. लॅम्प एकदाही लागला नाही.

न्यायला आल्या तेव्हा मी धाकटीला म्हटलं, तूच बस आणि ऐक. तिनं अस्तराला कान लावला. ताईंनी दिवे लावले, मी दार हलवलं. "परत लाव," ती म्हणाली. असं चार वेळा झालं. मग तिनं स्वतःच पट्टा ओढून लावला.