गुरू कोण?

कार्यक्रम संपला की कुणीतरी काका नाहीतर काकू जवळ येतात आणि विचारतात, ‘बाळ, कुणाकडं शिकलीस?’ बेळगावात हा प्रश्न साहजिकच आहे. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. तिकडं गंगूबाई हानगल हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जायच्या, सवाई गंधर्वांकडं शिकायला. आमच्या भागात गळा आहे म्हटलं की गुरू असणारच. मी रॅप करते, तरी प्रश्न तोच. मी ‘मिस्सी एलियट’ म्हणते, अमेरिकेतली रॅपर बाई, आणि समोरचा चेहरा कोरा होतो. मांडवातल्या गोंगाटात पुढचं बोलणं होत नाही. तुम्हीही ‘गुरू कोण?’ असं विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

2011 साली मी पंधरा वर्षांची होते. आतेभाऊ गोव्याहून मेमरी कार्ड भरून गाणी घेऊन आला होता. त्यात मिस्सीचं 2001 सालचं ‘गेट युअर फ्रीक ऑन’ होतं. त्यात तुंबी वाजते, पंजाबातली एका तारेची. आई चुलीपासून म्हणाली, ‘भांगडा लावलास काय गे?’ मलाही तसंच वाटलं. मग एका बाईचा आवाज आला, ठाम, जरासा घोगरा, कुणाची परवानगी न मागणारा. इंग्रजी अर्धं कळलं नाही. ते गाणं मी त्या रात्री किती वेळा लावलं असेल!

पुढं तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म 1971 चा, व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ गावचा. बाप आईला मारायचा. मिस्सी चौदा वर्षांची असताना आई तिला घेऊन घराबाहेर पडली, ती कायमची. गाणी लिहायचं वेड लहानपणापासून. तिच्याच भागातला टिंबलँड हा संगीतकार तिच्या जोडीला आला आणि दोघांनी मिळून 1996 मध्ये आलिया या अमेरिकन गायिकेसाठी गाणी केली, ती गाजली.

पण मला तिची त्याआधीची एक गोष्ट सोडत नाही. 1993 मध्ये तिनं एका बालकलाकाराच्या गाण्यासाठी रॅप लिहिला आणि स्वतःच्या आवाजात म्हटला. व्हिडिओ आला तेव्हा त्यात मिस्सी नव्हतीच. एक सडपातळ, उजळ रंगाची मुलगी तिच्या आवाजावर ओठ हलवत होती. आवाज हवा होता, ती जाडजूड काळी पोरगी नको होती. चार वर्षांनी, 1997 मध्ये, तिचा स्वतःचा पहिला अल्बम आला. त्यातल्या ‘द रेन’च्या व्हिडिओत ती कशी उभी राहिली? कचऱ्याच्या काळ्या पिशवीसारखा चकचकीत सूट, आत हवा भरून टम्म फुगवलेला. जे अंग लोकांनी लपवलं होतं, तेच तिनं दुप्पट करून कॅमेऱ्यासमोर आणलं. तो व्हिडिओ मी आजही बघते तेव्हा अंगावर काटा येतो.

माझं अंग कुणी लपवलं नाही. लपवायला सांगितली ती बोली.

बेळगावची मराठी तुम्ही ऐकली असेल. आम्ही ‘जातोय’ म्हणत नाही, ‘जाऊलालोय’ म्हणतो. आणि आमच्याकडच्या कितीतरी मुली ‘मी आले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो’ म्हणतात. लिहिताना मी ‘आले’च लिहिते, शाळेनं तशी सवय लावली. तोंडात मात्र ‘आलो’च येतं. कॉलेजात असताना पलीकडं महाराष्ट्रात एका स्पर्धेला गेले होते. परीक्षकांनी माइकवरून सांगितलं, ‘आधी शुद्ध बोलायला शिक. मुलगी असून आलो काय म्हणतेस?’ सगळा हॉल हसला. परतीच्या एसटीत निपाणी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

घरी आजोबाही त्यांच्याच बाजूनं बोलले. त्यांचं मला समजतं. 1956 मध्ये भाषावार राज्यरचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि आजोबांच्या पिढीचं आयुष्य मोर्चे आणि सत्याग्रहात गेलं. ज्या भाषेसाठी भांडायचं ती धुतल्या तांदळासारखी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मेळाव्यात ते अगदी पुस्तकातलं बोलतात. घरात चप्पल काढली की ‘चहा ठेवूलालीस काय?’

त्या दिवसांत मी मिस्सीचं 2002 सालचं ‘वर्क इट’ ऐकत होते. त्यात एक ओळ म्हणून झाल्यावर तीच ओळ ती उलटी वाजवते, शेवटाकडून सुरुवातीकडं. कितीतरी लोकांना ती परकी भाषा वाटली, काहींना नुसती बडबड. तरी सगळे ती ओळ म्हणत होते! अर्थ पोचायच्या आधी नाद पोचतो, हे मला त्या ओळीनं शिकवलं. मग एकदम लक्षात आलं की ज्या ‘लालो’ला सगळे हसतात, तो यमकाचा तयार साठा आहे. कुठलंही क्रियापद घ्या, शेवट जुळलेलाच. प्रमाण मराठीत ज्या यमकासाठी तासभर डोकं धरून बसावं, ते आमच्या तोंडात जन्मापासून आहे. त्याच रात्री लिहिलं:

‘जाऊलालो, येऊलालो, कुणाला काय सांगूलालो,
माझी वाट माझ्या पायानं मी मोजूलालो.’

मिस्सीचं पुढचं थोडक्यात सांगते. ग्रेव्ह्ज डिसीज या थायरॉइडच्या दुखण्यानं तिला गाठलं, आणि तिनं ते 2011 मध्ये जाहीर केलं. एक वेळ अशी होती की हातात पेन धरवत नव्हता. 2005 नंतर कितीतरी वर्षं अल्बम नाही. ती बरी होऊन परतली. 2019 मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली रॅपर बाई, 2023 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली हिपहॉप बाई. स्वतःच्या नावाचा पहिला मोठा दौरा तिनं 2024 मध्ये केला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

ते ‘लालो’चं गाणं मी गल्लीच्या गणपतीत पहिल्यांदा म्हटलं. आजोबा पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात छातीशी बांधून. घरी आल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘ते कालचं म्हण बघू परत.’

म्हटलं. शेवटच्या शब्दावर त्यांनी हात वर केला.

‘मोजूलालो नव्हं पोरी. आपल्यात मोजूलालोय म्हणतात.’

मी ‘य’ घातला. ठेक्यात जरा जास्त होतो, पण तो तसाच ठेवला आहे.